शंभूला जे, ते सगळ्यांना

१. अर्थ

ही वही सुविधाची. सुविधा माझी मुलगी, म्हापशाच्या कॉलेजात वाणिज्य शिकते. पेडण्याच्या वाचनालयाने मराठी निबंधाची स्पर्धा ठेवली होती. विषय होता ‘जागतिक व्यापारातील समान वागणूक’. तिने मथळे घातले, प्रत्येक मथळ्याखाली जागा कोरी सोडली, आणि मग आमच्या घरात जे व्हायचं ते झालं. शेवटी वही माझ्यापुढे मेजावर आपटून म्हणाली, “बाबा, आता तुमीच भरा. तुमच्याइतको हो विषय कोण जगलो नाय.”

स्पर्धेची तारीख केव्हाच गेली. पण कोरी जागा मला बघवत नाही. मी विठू, पोर्तुगीजांच्या वेळी मराठी शाळेत चार यत्ता शिकलो. अक्षर बरं आहे.

तर अर्थ. आम्ही दोघं पडवीत बसून बोंडांच्या बिया पिळून काढत होतो. काजूचं बोंड एका हातात, बी दुसऱ्या हातात, एक पीळ दिला की सुटते. ती सांगत होती, “समजा, एका देशाने दुसऱ्या देशाला एक सवलत दिली. कर कमी केला, नायतर आणखी काय. तर तीच सवलत करारातल्या बाकी सगळ्या देशांना द्यायची. ताबडतोब. आणि बिनशर्त. याला म्हणतात सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राची वागणूक.”

“मगे पसंतीचो कोण?”

“सगळेच.”

“म्हणजे कोणच नाय.”

“तसं म्हणा.”

मी हातातलं बोंड खाली ठेवलं. जगातल्या एवढ्या मोठमोठ्या माणसांनी बसून असा कायदा केला होता, आणि मला तो कोणी सांगितला नव्हता.

२. उगम

इथे सुविधाला कुठलं तरी साल आणि कुठलं तरी शहर लिहायचं असणार. मला उगम एकच माहीत आहे. शंभू.

शंभूचं घर आमच्या शेजारी. मध्ये पोवळी, म्हणजे चिऱ्यांची बुटकी भिंत. पोवळीच्या अलीकडे माझी काजूची बाग, पलीकडे त्याची. माती तीच, पाऊस तोच, तरी त्याची झाडं माझ्याआधी आठ दिवस मोहरतात. आमच्याकडे एक तांबडा कुत्रा होता. एके सकाळी पोवळीवरून उडी मारून तिकडे गेला तो तिकडचाच झाला. त्याला कोणी बांधलं नव्हतं. मी हाक मारली की अजून शेपूट हलवतो. येत नाही.

गोव्याच्या राजभाषेच्या वादात शंभू कोंकणीच्या बाजूचा निघाला, म्हणून मी मराठीच्या बाजूचा झालो. मोर्च्यात घोषणा देऊन माझा घसा बसला. घरी आलो आणि त्याच बसलेल्या घशाने बायकोशी कोंकणीत भांडलो. वेगळं राज्य झालं त्या दिवशी शंभूने वाड्यावर सगळ्या घरांत पेढे वाटले. आमच्या घरीही आला. पेढा मी खाल्ला. चांगला होता, म्हणून जास्त राग आला.

आणि शंभू माझा हेवा करत नाही. कधीच केला नाही. हे मला सहन होत नाही. माझ्याकडे हेवा करण्यासारखं काही नाही असं त्याला वाटतं, की हेवा म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही, ते तीस वर्षांत मला कळलेलं नाही.

आता व्यापार. डिचोलीच्या गोकुळदास शेटची काजूची फॅक्टरी आहे. तो आमच्या वाड्यावरच्या अकरा जणांकडून बिया घेतो, भाजून सोलून गर परदेशी पाठवतो. अकराही जणांच्या बिया त्याला सारख्याच लागतात. पण वागणूक? त्याचा ट्रक मागच्या लाल वाटेने थेट वर शंभूच्या खळ्यात जायचा. बाकी दहा जणांनी गोण्या डोक्यावर घेऊन खाली डांबरी रस्त्यावर यायचं. बाकीच्या नऊ जणांची घरं उतारावर आहेत, त्यांना ते त्यामानाने सोपं. सगळ्यात वर आम्ही दोघेच. शंभूला ट्रक, आणि मला घाटी. घाटी म्हणजे चिऱ्यांत पडलेली उभी पायवाट. भरल्या गोणीने उतरायला अर्धा तास लागतो.

शिवाय गोकुळदास शंभूच्या गोणीतल्या बिया तपासायचा तेव्हा वरची मूठ घ्यायचा. माझ्या गोणीत कोपरापर्यंत हात घालायचा. शंभूला वजनाच्या वेळी पाठीची कदेल, म्हणजे खुर्ची, द्यायचा, मला “ये रे विठू, उबो कित्याक?” म्हणायचा आणि बसायला काहीच द्यायचा नाही.

सगळ्या गोण्या मी एकटा उतरवत नाही. अर्ध्या माझी बायको प्रभावती उतरवते. गेल्या वर्षापासून तिचा डावा गुडघा दुखतो. हे मी इथे एका ओळीत लिहिलं. खरं तर हा वेगळा मथळा व्हायला हवा होता, पण सुविधाने तो घातलेला नाही.

३. कार्यपद्धती

आमच्याकडे हंगामाची बोलणी कागदावर होत नाहीत. फाल्गुनात शेट देवळात येतो, नारळ आणि विडा ठेवतो. अकरा जण एकेक सुपारी ठेवतात. देवळाचा मानकरी, गावकर, देवापुढे गाऱ्हाणं घालतो. झालं. मग हंगाम संपेपर्यंत बिया दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत, आणि शेटनेही शब्द फिरवायचा नाही. गाऱ्हाण्यात जे बोललं गेलं ते पावसापर्यंत देवाच्या हातात.

यंदा गोकुळदास आला तोच कुरकुरत. पणजीला निर्यातदारांची कसली तरी सभा झाली होती, तिथून तापून आला होता. देवळाच्या सोप्यावर बसल्या बसल्या म्हणाला, “समजा, आपल्या सरकारान खटपट केली, खंयच्या तरी देशान काजूगरावैलो कर कमी केलो. तर तो ब्राझीलाकय कमी जातलो! ब्राझीलान बोटूय हालोवंक नाय. ह्यो खंयचो न्याय?”

“काजीचा झाड पयलीं थंयसून आयलां मरे शेट,” शंभू म्हणाला. “पोर्तुगीजांनी हाडलां.”

“झाड हाडलां म्हणून कितें जालें? आता कर पळय.”

तेव्हा गोकुळदास मला पहिल्यांदा माणूस वाटला. त्यालाही एक शंभू होता, फक्त समुद्रापलीकडे.

मग तो कामाला लागला. “वजन सोमवारी आणि गुरुवारी. ट्रक नेहमीसारखो शंभूगेर. बाकीच्यांनी डांबरार.”

“शेट, एक उलोवं?” मी म्हटलं.

“उलय.”

“शंभूक जें मेळटा तें सगळ्यांक मेळूंक जाय. ताबडतोब. आणि बिनशर्त.”

गोकुळदास हसला. “बिनशर्त? हो शब्द खंय मेळ्ळो रे तुका?”

“जगान केल्लो कायदो आसा. तुमी आता ज्याका शिव्यो घालतात तोच.”

सगळे हसले. माझे कान तापले, पण मी बसलो नाही. सुविधाने सांगितलेलं सगळं सांगितलं, एक देश, दुसरा देश, बाकीचे देश. म्हटलं, “जगाक जमता, अकरा जणांक जमना?”

तेवढ्यात शंभू म्हणाला, “विठू बरोबर सांगता. माका खास कशाक?”

हेच. मी भांडायला उभा राहिलो आणि तो माझ्या बाजूने बोलला. मला त्याचा असा राग आला की क्षणभर वाटलं, मागणी मागे घ्यावी.

गावकराने गोकुळदासकडे पाहिलं. “गाऱ्हाण्यात घालूं?”

“घाल रे, घाल. नारळ बेगीन फुटूंदी. माका डिचोली वचूंक जाय.”

मग गावकर देवापुढे उभा राहून म्हणाला, “बा देवा महाराजा! ही तुजी अकरा लेकरां आणि बारावो हो शेट आज तुज्या पांयाकडे उबी आसत. शेट एकाक जें दितलो तें सगळ्यांक दितलो. उणें नाय, चड नाय. हें जो कोण मोडीत, ताचेर तुजी नदर आसूं दी रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” आम्ही सगळे ओरडलो. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

४. फायदे

पहिल्या सोमवारी सकाळी मी अंगणात उभा राहिलो. ट्रक माझ्याकडे कसा येणार याचा विचार मी केलेला नव्हता, पण तो शेटचा प्रश्न. मला ट्रकचा आवाज ऐकायचा होता.

ट्रक आला. खाली डांबरी रस्त्यावर थांबला. वर आलाच नाही.

मी घाटी उतरून गेलो. गोकुळदास ट्रकच्या फाळक्याला टेकून उभा होता. कदेल आणलेली नव्हती. “अकरा घरांक ट्रक वचूंक शकना,” तो म्हणाला. “तुज्या घराकडे तर बैलूय चडना. म्हणून आता खंयच वचना. सारकें जालें मगे?”

मला वाटलं होतं, सारखं म्हणजे वर. खालीही सारखंच असतं हे डोक्यात आलं नव्हतं. नंतर सुविधाला विचारलं तर ती म्हणाली, “नियम एवढंच सांगता की भेद करूं नका. सगळ्यांना द्या, नायतर सगळ्यांकडून काढून घ्या. दोन्ही चालता.”

“हें तूं माका आदीं सांगूंक नाय.”

“तुमी आदीं विचारूंक नाय. तुमी शंभूकाकांचां नाव घेतलां आणि उठून गेलात.”

पण त्या सोमवारी मी परत चढत असताना समोरून सरस्वती आली. सरस्वती म्हणजे शंभूची बायको. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गोणी. मागून शंभू, त्याच्याही डोक्यावर गोणी. लाल वाट लांब पडते म्हणून तीही दोघं घाटीनेच उतरत होती. सरस्वतीला सवय नव्हती. मान ताठ, पाय चाचपडत, चेहरा घामाने लाल.

मला आनंद झाला. लिहिताना लाज वाटते, पण मथळा ‘फायदे’ आहे, आणि खरा फायदा एवढाच झाला. मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. शंभू गोणीखालून म्हणाला, “देव बरें करूं.” तेवढ्याने माझा अर्धा आनंद गेला. उरलेला अर्धा घरी नेला आणि दुपारी जेवताना पुरवून पुरवून खाल्ला.

५. तोटे

जागा कमी पडेल, म्हणून थोडक्यात.

ट्रकचा ड्रायव्हर पूर्वी कुणाच्या आईला म्हापशाच्या डॉक्टरकडे सोडायचा, कुणाला डिचोलीहून पावाचे उंडे आणून द्यायचा, एकाच्या नातवाला केबिनमध्ये बसवून हॉर्न वाजवू द्यायचा. गोकुळदासने सगळं बंद केलं. अकरा जणांना नेता येत नाही तर एकालाही नाही. त्याने हे रागाने केलं नाही. तो देवाला घाबरतो.

वाड्यावर मला लोक नवीन नावाने हाक मारू लागले. “काय रे जग?” देवळाच्या पायरीवर एकजण शिंकला आणि म्हणाला, “विठू, मी शिंकलंय. आता धा जणांनी शिंकूंक जाय मरे?” बाकीचे आठही शिंकले. शंभू शिंकला नाही. मला तो शिंकला असता तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या गुरुवारी प्रभावती पडली.

घाटीच्या मधल्या वळणावर एक चिरा निसटलेला आहे. तिचा डावा पाय त्यावर पडला, गुडघा वळला, ती बसली ती बसलीच. गोणी पुढे गडगडत गेली, फाटली, बिया सगळ्या उतारावर पसरल्या. मी तिच्या पुढे होतो. आवाज ऐकून वळलो तेव्हा तिच्या मागून येणारी सरस्वती आपली गोणी चिऱ्यावर ठेवून खाली वाकली होती आणि प्रभावतीचा पाय मांडीवर घेऊन चोळत होती.

“कितें जालें गो वयनी?”

“कांय नाय. पांय निसटलो.”

मग सरस्वतीने पदराची ओटी केली आणि आमच्या बिया वेचू लागली. वेचता वेचता माझ्याकडे न बघता म्हणाली, “विठूबाब, तुमच्या गाऱ्हाण्यात घालूंक जाय आसलां. एकाचो पांय मोडलो तर अकरा जणांचे मोडूंक जाय.”

मी पण वेचत होतो. गुडघ्याएवढ्या सुक्या गवतात बी शोधायची म्हणजे हातांनी चाचपावं लागतं. तिच्या ओटीत माझ्यापेक्षा जास्त बिया जमल्या, हे मी पाहिलं. असल्या वेळीही पाहिलं.

घरी आल्यावर प्रभावतीचा गुडघा नारळाएवढा सुजला. सुविधा शनिवारी म्हापशाहून आली. आईचा पाय पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि अंगणात गेली. आमच्या उंबऱ्यापासून पोवळीकडे चालत निघाली. पोवळीला एक जुनी खिंड आहे, माझ्या आजोबांच्या वेळेची. तिथे मी काट्यांचा झाप लावून ठेवला आहे. तिने झाप बाजूला सारला, पलीकडे गेली, शंभूच्या खळ्यात जाऊन उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, “बावन्न!”

“कितें बावन्न?”

“पावलां! बाबा, गेलं अख्खं वर्ष ट्रक आपल्या दारापासून बावन्न पावलांवर उभो रवतालो. आणि तुमी आईक घाटीन देंवयताले!”

हो. हे मी वर लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. शंभूने मला गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “विठू, हाड तुज्यो गोण्यो हांगा, एकदमच चडोवया.” मी म्हटलं होतं, मला घाटी जवळ पडते.

६. अपवाद

रविवारी शंभू आमच्याकडे आला. प्रभावतीसाठी कसला तरी पाला वाटून आणला होता. पडवीत बसला. मी त्याला कदेल दिली, कारण मला दाखवायचं होतं की मी देतो.

“दादूक विचारलां,” तो म्हणाला. दादू म्हणजे सरस्वतीचा भाऊ, केरीला राहतो. पहाटे मासळी घेऊन टेम्पोने म्हापशाला जातो, नंतर टेम्पो मोकळा असतो. “तो सोमवारी आणि गुरुवारी माझ्या खळ्यात येतलो, गोण्यो भरून डांबरार देंवयतलो. ट्रक शेटचो. टेम्पो आमचो. गाऱ्हाणां मोडना.”

“बरें आसा,” मी म्हटलं.

“तुज्योय गोण्यो घाल.”

“नाका.”

“प्रभावतीवयनीच्या पांयाक...”

“नाका म्हणलां मरे!”

शंभू उठला, पाला मेजावर ठेवला आणि खिंडीतून गेला. जाताना झाप परत जागेवर लावला. मी तो लावून ठेवतो हे त्याला माहीत होतं.

सुविधा आतून वही घेऊन आली. “बाबा, अपवाद आयका. समान वागणुकीला अपवाद आसत. दोन देशांची शीव एकमेकांना लागलेली आसली, तर शिवेवरच्या येण्याजाण्यासाठी ते एकमेकांना सवलती देऊ शकतात. त्या बाकीच्या जगाला द्याव्या लागत नायत. शेजारी म्हणून.”

“म्हणजे कायद्यात शेजाऱ्याक वेगळां धरलां?”

“धरलां.”

“कोणी धरलां?”

“ज्यांना शेजारी आसत त्यांनी,” प्रभावती आतून म्हणाली. ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. “तुमचो नियम तुमी उखलून घेवा. माजी गोणी मी शंभूगेर व्हरतंय.”

“चलूंक जमना तुका.”

“बावन्न पावलां जमतली. घाटी जमना.”

सोमवारी मी घरी थांबलो नाही. टेम्पोचा आवाज ऐकायला नको म्हणून पहाटेची बस पकडून डिचोलीला गेलो. माझ्या मनात तक्रार तयार होती. गोकुळदास आमच्याकडे वजनाला निघायच्या तयारीत फॅक्टरीच्या दारात उभा होता, आत बायका ओळीने बसून काजूगर सोलत होत्या. मी म्हटलं, “शेट, शंभू टेम्पो घालता. गाऱ्हाणां मोडलां.”

“टेम्पो माझो?”

“नाय.”

“डिझेल माझां?”

“नाय.”

“मगे मी कितें दिलें ताका?” गोकुळदासने मला आपादमस्तक पाहिलं. “विठू, तुका टेम्पो जाय की ताका टेम्पो नाका? एक सांग. दोनय आयकूंक माका वेळ ना.”

उत्तर मला येत होतं. ते काजू सोलणाऱ्या त्या सगळ्या बायकांसमोर द्यायचं नव्हतं.

७. तंटा निवारण

सुविधा म्हणते, दोन देशांचा तंटा झाला तर आधी साठ दिवस आपापसात बोलावं लागतं. नंतरच पंच बसतात. काजूचा हंगामच साठ दिवसांचा. आमच्याकडे तेवढं बोललं तर पाऊस येईल.

गुरुवारी मी पहाटे उठलो. माझ्या वाटणीची गोणी बांधली. प्रभावतीची गोणी आदल्या संध्याकाळीच पोवळीपलीकडे गेली होती. तिने ओढत नेली की शंभूने येऊन नेली, विचारलं नाही. दोन्हीतलं एकही मला ऐकायचं नव्हतं. चुंबळ डोक्यावर ठेवली, गोणी घेतली आणि घाटीने निघालो.

एकट्याने उतरलो. निसटलेल्या चिऱ्यापाशी पाय जपून टाकला. खाली घाटी संपते तिथे लाल वाटही येऊन मिळते, आणि तिथून ट्रकपर्यंत डांबरावर आणखी बराच चालावं लागतं. मी डांबरावर आलो तेव्हा मान भरून आली होती. मागून टेम्पोचा आवाज आला. मी कडेला झालो, पण वळलो नाही. टेम्पो माझ्या पुढे जाऊन थांबला.

मासळीचा वास. दादूने डोकं बाहेर काढलं. त्याच्या शेजारी प्रभावती बसली होती, पाय पुढे लांब करून, आणि तिच्या शेजारी सरस्वती. दोघी कशावर तरी हसत होत्या आणि मला पाहून थांबल्या. त्या कशावर हसत होत्या ते मला अजून माहीत नाही. शंभू मागे गोण्यांवर बसला होता.

“चड रे विठू,” तो म्हणाला.

डोक्यावर गोणी असताना माणसाला मान हलवून नाही म्हणता येत नाही. बोलावंच लागतं. मी म्हटलं, “अकराय जणांक व्हरतलो आसशीत तर चडतां. नायतर तुजी खास मेहरबानी माका नाका.”

मला वाटलं, आता तो अडकला. नियम माझ्या बाजूने होता.

शंभूने खाली गोण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला माझं म्हणणं खरंच कळलं नव्हतं. “अरे, सगळ्यांच्योच आसत ह्यो. वाटेर प्रत्येकाच्या दाराकडे थांबतां. सोमवारीय हाडल्यो. तूंच नासलो. तूं डिचोली गेल्लो.”

मी गोण्या पाहिल्या. त्यांवर खडूने खुणा होत्या, प्रत्येकाची आपापली. नऊच्या नऊ घरांच्या. शिवाय शंभूची. शिवाय प्रभावतीची, तिच्यावर आमचीच खूण. माझी तेवढी नव्हती.

मी तिथे डांबरावर उभा होतो, मानेवर ओझं होतं, आणि मला जे वाटलं ते मी सुविधाच्या वहीत लिहितोय, तिने हवं तर खोडावं. मला वाईट वाटलं. हेव्याने नाही, हेव्यापेक्षा वाईट. रविवारी तो माझ्याकडे येऊन “तुज्योय घाल” म्हणाला होता ते मी चार दिवस मनात धरून बसलो होतो. राग म्हणून धरलं होतं. पण धरलं होतं. मला म्हणाला, म्हणून. आणि तो तेच प्रत्येक दारात म्हणाला होता. त्याच आवाजात, तसाच पडवीत बसून. तीस वर्षं मी सारखी वागणूक मागत होतो, आणि ती समोर येऊन थांबली तेव्हा कळलं की मला ती नको होती. त्याच्याकडून तर नकोच होती.

“चडतात की रवतात?” प्रभावती म्हणाली. “वासान माका ओकारी येता.”

“गोणी घे,” मी शंभूला म्हटलं. “मी चलत येतां.”

त्याने वाकून माझ्या डोक्यावरची गोणी उचलली. हात लागला तेव्हा मी मान खाली घातली, ओझं गेलं म्हणून. टेम्पो गेला. मी मोकळ्या डोक्याने मागून चालत निघालो. मोकळं डोकं विचित्र लागत होतं.

ट्रकपाशी पोचलो तेव्हा गोकुळदासचं वजन सुरू झालं होतं. गोण्या रस्त्याच्या कडेला रांगेत लावल्या होत्या. रांग शंभूनेच लावली असणार, सगळ्यांत शेवटी त्याची स्वतःची गोणी होती. माझी उशिरा चढलेली, म्हणजे ती सगळ्यांत मागे असायला हवी होती. ती त्याच्या गोणीच्या पुढे होती. एकच नंबर पुढे. तिथे जागा होती म्हणून ठेवली, की आणखी कशासाठी, ते त्याच्या तोंडावरून कळलं नाही. तो दादूशी मासळीच्या भावाबद्दल बोलत होता.

हे नियमात बसत नव्हतं. गाऱ्हाण्यातही बसत नव्हतं. गोकुळदास काट्याजवळ उभा होता, दहाही जण तिथे होते, तक्रार करायची तर जागा हीच होती.

मी माझ्या गोणीजवळ जाऊन उभा राहिलो आणि काही बोललो नाही.